स्टूमधला राजमा आधी उकळा, मग स्लो कुकरला लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्लो कुकरमधल्या (विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारं भांडं) बीफ स्टूची रेसिपी आलीये, फोटो बघून भूक लागली हे खरं, पण त्यातली एक ओळ वाचून पत्र लिहायलाच बसले. भिजवलेला राजमा मटणाबरोबरच टाका आणि लो वर आठ तास ठेवा, असं छापलंय. प्लीज कोणी असं करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, नाव म्हणता आलं नाही तरी चालेल, पण नीट न शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासात उलट्या सुरू होऊ शकतात. आपल्याकडे राजमा प्रेशर कुकरला लावतात, आत १२० डिग्रीच्या आसपास तापमान जातं आणि ते विष मरतं, म्हणून कोणाला कधी काही झालेलं ऐकू येत नाही. स्लो कुकर लो वर असला की आतलं काही तास उकळीला येतच नाही, आणि ८० डिग्रीपर्यंत नुसता गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. परदेशातल्या लोकांचं निभतं कारण बरेच जण टिनच्या डब्यातला शिजलेला राजमा वापरतात. आपण पाच तास तरी भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा नाहीतर सरळ शिट्ट्या काढायच्या, मग स्टूमध्ये.

गंमत म्हणजे हे यंत्र ज्याने काढलं त्या आयर्व्हिंग नॅक्सनला १९४० मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच्या कुकरचं नावच होतं 'नॅक्सन बीनरी', म्हणजे शेंगांच्या दाण्यांसाठीच! १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीने तोच 'क्रॉक-पॉट' म्हणून आणला आणि मग अमेरिकेत घरोघरी गेला.

आता मटणाचं. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ म्हणजे म्हशीचं, कॅम्पात बड्याचं म्हणून मिळतं ते, हे रेसिपीत एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? ज्यांना ते चालत नाही त्यांनी बोकडाचा खांदा आणि नळी घ्यावी. चापा घेऊ नका, पैसे वाया, त्या पटकन शिजतात आणि आठ तासात चोथा होतो. खांद्यात, नळीत चिवट पडदे असतात, ते मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळतात आणि रस्सा बोटाला चिकटेल असा होतो, सगळी मजा त्यातच आहे. मटणवाल्याला तुकडे मोठे करायला सांगायचे, तो सवयीने रश्श्याचे बारीक करतो. आधी कढईत तेलावर लालसर परतून घ्या, स्लो कुकरमध्ये रंग येत नाही. बटाटा गाजर खाली, मटण वर, कारण यात बटाटा मटणापेक्षा उशिरा शिजतो (मला पण पटलं नव्हतं). पाणी नेहमीच्या अर्धंच, वाफ बाहेर जात नाही. आणि झाकण उघडून बघायचं नाही, दरवेळी वीस-तीस मिनिटं वाढतात, आपल्याला ढवळल्याशिवाय राहवत नाही ते वेगळं.

अजून एक गोष्ट जी परदेशी रेसिपीत सहसा नसते, ती म्हणजे लाईट. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते. त्या दिवशी बऱ्याच घरात मटण नसतं म्हणून सुटलो म्हणायचं, पण लाईट काय गुरुवार बघूनच जाते असं नाही. बटणांचा डिजिटल कुकर लाईट परत आली तरी बहुतेक वेळा बंदच राहतो, गोल नॉबवाला आपोआप सुरू होतो, आणि ऑफिसातून आल्यावर कळतही नाही की मधले तीन तास मटण कोमट पडून होतं. ओव्हनचं घड्याळ शून्यावर लुकलुकत असेल, म्हणजे मधे लाईट गेली होती, तर ते स्टू टाकून द्या, दिसायला शिजलेलं असलं तरी. घरी असाल तर लगेच गॅसवर घेऊन पूर्ण शिजवा.

बाकी रेसिपी चांगली आहे, मिरी आणि तमालपत्राचं प्रमाण बरोबर वाटलं. फक्त राजम्याची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा, कोपऱ्यात दोन ओळी नकोत, कारण रेसिपी कापून फ्रीजवर लावणारे लोक कोपरे वाचत नाहीत.

एक वाचक,
रास्ता पेठ, पुणे