बोटांवर मोजणाऱ्या कंडक्टर आजोबांना

काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा टाका’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही खालच्या खोलीत राहायला आलात तेव्हा आमच्याकडे रोज संध्याकाळी पाढ्यांचा तमाशा चालायचा. भिंती पातळ, तुम्ही सगळं ऐकलं असणार. ‘सहा एके सहा’पासून ‘सहा दाहे साठ’पर्यंत लेक एका दमात म्हणायची, आणि मध्येच ‘सहा आठे?’ विचारलं की गप्प. मग मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलताना दिसायचे, आणि छत्तीसच्या आसपास गाडी पंक्चर. उत्तर आलंच तर वहीत 48 च्या जागी 84. आता अठ्ठेचाळीसमध्ये आठ आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. पोरीने ऐकलं तसं लिहिलं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा त्यावरचे विनोद मीही हसत हसत फॉरवर्ड केले होते. स्वतःच्या घरात 84 उगवल्यावर ते हसू जिरलं.

शाळेतून शेरा यायचा, ‘सराव कमी’. सराव म्हणजे पाढा दहा वेळा लिहून आणणे. ती आणायचीही! आधी सहांची एक उभी रांग वरपासून खालपर्यंत, मग गुणाकाराच्या फुल्यांची, मग एक ते दहा. शेवटची रांग पुस्तकात बघून. मग क्लास लावला. तीन महिन्यांची फी आगाऊ घेऊन त्यांनी तिला एकच गोष्ट पक्की शिकवली, बोटं लपवायची. ‘तिसरीत गेलीस आणि बोटांवर मोजतेस?’ असं सगळ्यांदेखत. ती घरीही हात पाठीमागे नेऊन मोजायला लागली. आणि एका रात्री मी तिच्या त्याच हातावर चापट मारली. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

मग तो रविवार. वीज गेली होती, सगळे ओट्यावर. तुम्ही तिला सहज विचारलंत, “एसटीचा एक टप्पा किती किलोमीटरचा, माहितीये?” तिला कुठून माहीत असणार! “सहाचा. मग चार टप्प्यांचे किती झाले?”

तिचे हात झटकन मागे गेले. तुम्ही ते पाहिलंत. तुम्ही पाहिलंत हे मी पाहिलं, आणि आता हेही तेच बोलणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्वतःचा उजवा हात पुढे काढलात, अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवलात आणि अख्ख्या ओट्याला ऐकू जाईल असं मोजलंत. सहा, बारा, अठरा, चोवीस. एका पेराला एक टप्पा. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “आयुष्यभर ह्याच पेरांवर हिशेब केला. एसटी तोट्यात गेली ती काय माझ्या बोटांमुळे नाही गेली.”

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिचा एक हात पुढे आला. थोड्या वेळाने दुसरा.

पुढचे दोन महिने तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही. अंगणात खडूने आखलेला रस्ता, दर सहाला एक स्टॉप. तिकिटं टोचायचा चिमटा तुम्ही निवृत्त होताना डेपोत जमा केलेला, म्हणून तिच्या हातात तुमचं नेलकटर. एक स्टॉप, एक टिक. सातासाठी कॅलेंडरवरचे वार. पण एक वाक्य मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आणि पोळी तव्यावर करपली. ती पुन्हा सहापासून सुरुवात करत होती, तर तुम्ही म्हणालात, “अगं, दर वेळी डेपोतून कशाला निघतेस? पाचवा टप्पा तीस, तिथे मोठं स्टँड आहे. तिथूनच गाडी काढ.” तीस, छत्तीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस. आठवा टप्पा आला. नववा विचारलात तर म्हणालात, साठच्या एक टप्पा आधी उतर. एवढंच होतं, काका? वर्षभर आम्ही त्या पोरीला दर वेळी डेपोतून पळवत होतो आणि वर ‘हिचं लक्षच नाही’ म्हणत होतो.

तुमच्या पिढीला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा पाठ, गणित तुम्हाला येणारच. गणित त्या क्लासवाल्यांनाही येतं. पण कोण कशाला लाजतंय हे ओळखून, त्याचा बोभाटा न करता, आपलाच हात पुढे काढायचा, हे फारच थोड्यांना सुचतं. मला तर सख्ख्या लेकीच्या बाबतीत सुचलं नाही. गर्दीच्या गाडीत सुट्टे नसलेल्या म्हातारीशी तुम्ही कसे वागला असाल ते मी न बघता सांगू शकते.

गेल्या महिन्यात आम्ही एसटीने तिच्या मामाकडे गेलो. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, तिचं वयाने अर्धं, म्हणजे दोघींत मिळून एक. कंडक्टर मशीनवर बटणं दाबत होते. हिने विचारलं, “काका, किती टप्पे?” त्यांनी चमकून वर पाहिलं. “सात.” हात मांडीवर, सगळ्यांच्या समोर, अंगठा पेरांवरून सरकत गेला. “बेचाळीस किलोमीटर.” ते म्हणाले, “कुणाची गं तू?” तर ही म्हणते कशी, “आमच्या आजोबांची.”

तुमचा स्टीलचा डबा उद्या पाठवते. नेलकटर मात्र ती परत द्यायला तयार नाही, त्यामुळे डब्यात एक नवं ठेवलं आहे. चालवून घ्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची