छकुलीच्या हाताचं माप

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, आईला प्रेमाचा नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तयार गिटार मिळत असताना तू सहा-सहा महिने लाकूड का घासत बसतेस?" तेवढ्यात छकुलीने फोन ओढून घेतला आणि उत्तर राहूनच गेलं. आज हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली आहेत, म्हणून निवांत लिहायला बसले. तुमच्याकडे आणि आईकडे एकेक कामही आहे. ते का आहे हे कळायला मात्र आधी बाकीचं सांगावं लागेल.

आईची काळजी पहिल्यांदा. विजेची गिटार म्हणजे तारांमधून वीज खेळवतात आणि छकुलीला झटका बसेल, असं तिला वाटतंय. आई, तारांमध्ये बाहेरून वीज सोडलेली नसते. तारांच्या खाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की गुंडाळीत अगदी नाममात्र वीज उमटते. तीच वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते आणि तिथे मोठी होते. म्हणून या गिटारला नायलॉनची तार चालत नाही, चुंबकाला तिचा पत्ताच लागत नाही. काळजी घ्यायची ती अ‍ॅम्प्लिफायरची. गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात, तेव्हा प्लग तीन पिनांचाच हवा आणि भिंतीतलं अर्थिंग नीट हवं. बाबा, तेवढं वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या.

ही गुंडाळी, म्हणजे पिकअप, मी हाताने भरते. तार ४२ नंबरची, जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर. उजेडात धरली तर दिसते, सावलीत नाहीशी होते. एका पिकअपला आठ हजारांच्या आसपास वेढे लागतात. बॉबिन छोट्या मोटरवर फिरतं, आकडा मोजायला काउंटर असतो, पण तार माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीतून जाते. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल पडतात आणि पुढे आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारू लागतो. परवा ५,२०० वेढ्यांवर तार तुटली. ती सगळी कापून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या अर्ध्या-पाऊण तासात कुणी हाक मारलेली मला चालत नाही.

एकेरी गुंडाळीत एक दोष असतो: घरातल्या विजेची गुणगुण तिला ऐकू येते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट. तारेचा आवाज दोघींमध्ये मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडून जाते. त्याला हंबकर म्हणतात. दुसऱ्या गिटारला मी तेच बसवले. वायरींना डाग देऊन झाल्यावर पहिल्यांदा अ‍ॅम्प लावला आणि काहीच आवाज आला नाही तेव्हा वाटलं, जोडणी चुकली. मग एक तार छेडली. खोली भरून गेली, बाबा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. साध्या गिटारची पेटी पोकळ असते. तिच्या पातळ फळ्या वाकवून जोडायच्या म्हणजे वर्षानुवर्षांची कारागिरी हवी. विजेच्या गिटारला त्या पोकळीची गरजच नाही. १९४०च्या सुमारास गिटारवादक लेस पॉल यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून बघितल्या आणि बघणाऱ्यांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना गिटारचे अर्धे अर्धे भाग जोडले. पुढे लिओ फेंडर आले. हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नव्हते. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारचं धड म्हणजे भरीव लाकडाची फळी आणि नेक, म्हणजे सतारीची दांडी असते तो भाग, वेगळा करून चार स्क्रूंनी आवळलेला. नेक बिघडला तर काढा आणि दुसरा लावा. १९५१पासून तिला टेलिकास्टर म्हणू लागले. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं डोकं त्यात स्पष्ट दिसतं. रंधा, पटाशी, कानस आणि लाकडात खाचा पाडणारं एक राउटर यंत्र असलेल्या माझ्यासारखीला घरी गिटार करता येते ती त्या चार स्क्रूंमुळे.

तरी धड सोपं आणि नेक अवघड. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतात. गिटारचे पडदे खाचेत ठोकलेले, एकदा बसले की बसले. त्यांचं गणित असं: नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, घोडीपर्यंत तारेची लांबी घ्यायची, तिला १७.८१७ने भागायचं, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ने भागायचं, तो दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर येतो आणि तिथे वरच्या सप्तकातला सा लागतो. पहिल्या नेकवर मी हे आकडे अचूक काढले होते, पण खाचा आखताना प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजला. दरवेळी पाव मिलिमीटर जास्त गेलं असणार. बाराव्या पडद्याला ३२४ मिलिमीटर यायला हवे होते, आले ३२७. वरच्या पडद्यांवर एकही सूर जागेवर लागेना. तो नेक अजून भिंतीवर टांगलेला आहे. आता सगळी मापं नटपासूनच घेते, पट्टी एकदा लावली की बावीस खुणा होईपर्यंत हलवत नाही.

सहा तारांचा ताण मिळून ४० ते ४५ किलो भरतो. तेवढ्या ओढीने लाकूड वाकणारच, म्हणून नेकच्या पोटात पोलादी सळई असते, ट्रस रॉड. शंभर वर्षांपूर्वी गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांनी तिचं पेटंट घेतलं होतं. किल्लीने ती आवळली की नेक सरळ होतो, सैल केली की थोडा वाकतो. हे लक्षात ठेवा, कारण हिवाळ्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते, लाकूड आक्रसतं आणि पडद्यांची टोकं बोटांना लागायला लागतात. तिकडच्या दमट हवेत तेच लाकूड फुगेल. किल्ली गिटारसोबत पाठवीन. एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि मग दिवसभर थांबायचं. हे काम तुम्हीच करा, दादाला घाई असते.

मेपलच्या नेकला मागून गोलाई देताना तुमची रोज आठवण येते. लहानपणी मी रेषेच्या उलट रंधा मारला की तुम्ही काही न बोलता फळी फिरवून माझ्यापुढे ठेवायचात. या मेपलमध्ये रेषा लाटांसारखी वरखाली जाते, वीतभर लाकडात चारदा दिशा बदलते. रंधा लावला तर टवके निघतात. तिथे पटाशीसुद्धा ठेवून देते आणि कानशीने, मग पत्र्याच्या धारेने खरवडत जाते. डोळे मिटून तळवा फिरवला की कुठे उंचवटा राहिलाय ते कळतं. जाडी मोजायचा कॅलिपर नंतर तेच सांगतो.

सगळ्यात जास्त जीव लागतो तो पडदे समतल करताना. तार बाराव्या पडद्यावरून दीड-दोन मिलिमीटर वरून जाते, त्यामुळे एखादा पडदा केसभर जरी उंच असला तरी तार त्याला घासून खडखडते. मी प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढते आणि सरळ पट्टीला पॉलिशपेपर चिकटवून, जोर न देता, लांबच्या लांब फिरवते. उंच पडद्यांवरची शाई पहिल्याच हाताला जाते. सखल पडद्यांवर ती तशीच राहते. सगळीकडची गेली की थांबायचं, एक हातही जास्त नाही. मग प्रत्येक पडद्याचा माथा परत गोल करायचा आणि चकाकेपर्यंत घासायचा. बावीस पडद्यांना माझे दोन दिवस जातात. कारखान्यातल्या सगळ्याच गिटारांवर इतका वेळ देता येत नाही आणि स्वस्तातल्या गिटारवर शिकणारी कितीतरी मुलं बोटं दुखतात म्हणून वाजवणं सोडून देतात. दोष बोटांचा नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच छकुलीची गिटार मी करणार आहे.

ती डावरी आहे आणि अकरा वर्षांची आहे. डावऱ्या मुलांना "उजव्या हाताने शीक" असं सांगून मोकळं होतात, नाहीतर उजवीच गिटार उलटी धरायला देतात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवायचा हे खरं. पण मग आवाजाच्या चकत्या हाताखाली येतात आणि वरच्या पडद्यांपर्यंत बोटं पोचावीत म्हणून दिलेली मोठी खाच नको त्या बाजूला जाते. घोडीवर जाड तारेची बैठक बारीक तारेपेक्षा किंचित मागे ठेवावी लागते, तेही उलटंच बसवावं लागतं. मी सगळंच आरशात बघितल्यासारखं करणार आहे, आवाज वाढवायची चकती फिरण्याची दिशासुद्धा.

तारेची लांबी ६४८ मिलिमीटर ऐवजी ६१० ठेवणार आहे. पहिल्या चार पडद्यांचं अंतर त्यामुळे १३४ वरून १२६ वर येतं. आठ मिलिमीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही, तिच्या करंगळीला खूप. याहूनही आखूड गिटारी मिळतात, पण तिचा हात वाढणार आहे आणि ही गिटार तिने मोठी झाल्यावरही वाजवावी असं मला वाटतं. धड आल्डरच्या लाकडाचं, आतून थोडं पोकळ केलेलं. तीन किलोच्या आत बसवायचा प्रयत्न आहे, खांद्याला ओझं नको.

६१०चं धैर्य मला एका बाप-लेकामुळे आलं. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे सोळा वर्षांचा असताना १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी गिटार करायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा. लाकडाला किडीची भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, आणि पडद्यांमधले पांढरे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे आपले ६१०च. दोन वर्षं लागली. पुढे जगभरच्या मैदानांवर तो तीच वाजवत आला.

बाबा, माळ्यावरचा शिसवाचा तुकडा पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. मन फार झालं, पण पाठवू नका. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, नुसत्या लाकडाला कागदपत्रं लागतात. तो तुकडा जपून ठेवा, मी आले की दोघं मिळून त्याचं काहीतरी करू.

आई, तुझ्या शिवणाच्या डब्यात शिंपल्याची बटणं होती, आजीच्या पोलक्याची. त्यातली दहा मला पाठव. तीन, पाच, सात, नऊ, पंधरा, सतरा, एकोणीस आणि एकवीस या पडद्यांना एकेक, बाराव्याला दोन. फार मोठी नकोत, सहा-सात मिलिमीटरची पुरेत. पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क लावून घासीन, त्याची धूळ छातीला वाईट असते हे मला ठाऊक आहे.

आणि बाबा, तुमचं काम. छकुलीचा हात कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. डावा नको, उजवा. ती डाव्या हाताने तारा छेडणार, त्यामुळे पडद्यांवर उजवा हात येणार. एकदा बोटं जुळवून, एकदा जितकी फाकतील तितकी फाकून, पण ओढून-ताणून नाही. पेन्सिल उभी धरा, तिरपी धरली की बोट जाड दिसतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याला दोरा लावून त्याचं माप बाजूला लिहा. रंग कोणता हवा ते कागदाच्या मागे तिला स्वतःच्या हाताने लिहू दे. मध्ये कुणी सुचवू नका.

तुमची लेक