पक्षाघातानंतरच्या अपस्माराची पूर्वसूचना डिस्चार्ज कार्डावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते आणि काठीच्या आधाराने ते घरातल्या घरात फिरू लागले होते. एका सकाळी त्यांच्या अधू हाताचा अंगठा आपोआप उडू लागला, तोंडाची तीच बाजू ओढली गेली आणि मिनिटभरात त्यांची शुद्ध हरपली. आचके थांबल्यावरही हात काही तास लुळाच होता, त्यामुळे पुन्हा पक्षाघात झाला अशीच आमची समजूत झाली. ती फिट होती, आणि फिटनंतर अशी तात्पुरती शक्ती जाते, हे रुग्णालयात गेल्यावर कळले. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाब, साखर, गोळ्या, व्यायाम सारे काही होते. फिटविषयी एक शब्दही नव्हता.

ही शक्यता आधी अजमावता येतच नाही असे असते, तर माझी तक्रार नव्हती. परंतु रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या पक्षाघातासाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेली ‘सिलेक्ट’ ही गुणपद्धती उपलब्ध आहे. पक्षाघाताची तीव्रता, मोठ्या रोहिणीत (रक्तवाहिनीत) आलेले काठिण्य, पहिल्या ७ दिवसांत आलेली फिट, मेंदूच्या बाह्य थराला झालेली इजा आणि मेंदूच्या मधल्या रोहिणीच्या क्षेत्रातील बाधा यांना मिळून ९ गुण असतात. शून्य गुण असलेल्यांना पाच वर्षांत अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, जडण्याची शक्यता सुमारे १ टक्का, तर पूर्ण ९ गुण असलेल्यांना ती ८० टक्क्यांहून अधिक. यातली बहुतेक माहिती रुग्ण घरी जाण्यापूर्वीच कागदपत्रांत आलेली असते. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांसाठी ‘केव्ह’ ही वेगळी पद्धत आहे.

गुण जास्त आले म्हणून सरसकट गोळ्या सुरू कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. त्याने पुढचा अपस्मार टळतो हे सिद्ध झालेले नाही, शिवाय अशा काही औषधांनी येणारी सुस्ती सावरू पाहणाऱ्या रुग्णाला मागे खेचते. मग नातेवाइकांना उगाच का घाबरवायचे, असा प्रश्न डॉक्टर विचारतील. मला वाटते, भीती अज्ञानातच अधिक असते. पक्षाघाताला आठवडा उलटून गेल्यावर आलेल्या एकाच फिटनंतरही पुढील दहा वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. म्हणूनच अशी एक फिटही अपस्मार मानून उपचार सुरू केले जातात. ‘अशक्तपणामुळे झाले असेल’ म्हणून घरच्यांनी ती अंगावर काढली, तर तेवढे दिवस वाया जातात.

माझी मागणी एवढीच की, कार्डावर रुग्णाचे गुण लिहावेत आणि त्याखाली दोन ओळी असाव्यात: फिट आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर विलंब न करता रुग्णालय गाठा. त्या सकाळी आईने वडिलांच्या दातांत चमचा घातला होता. त्यांचा पुढचा दात तुटला, आणि तिने तो अजून कपाटात जपून ठेवला आहे.

आपला,
एक वाचक