पोलंडचं पिस्तूल

कोलंबस, ओहायो
रविवार सकाळ

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा मी पिस्तूल घेतल्याचं ऐकताच आईने फोन तुमच्या हातात दिला आणि तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" मनाला लागून राहिलंय, म्हणून सगळं लिहून कळवतो.

पिस्तूल जुनं आहे. पोलंडमधल्या राडोमच्या कारखान्यात तिथल्या सैन्यासाठी नि पोलिसांसाठी बनलेलं, नाव पी-64. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, 1974 साल आहे, शेजारी गोलात 11 हा कारखान्याचा आकडा. सरकारने सेवेतून काढलेली अशी पिस्तुलं इथल्या दुकानांत येतात. मला अडीचशे डॉलरला मिळालं. लांबी जेमतेम 16 सेंटीमीटर, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. आलं तेव्हा सांदीकोपऱ्यात जुनं ग्रीस थिजलेलं होतं. दोन संध्याकाळी जुन्या टूथब्रशने घासत बसलो, तेव्हा खालचा काळा-निळा रंग दिसला. चापाभोवतालची कडी खाली ओढायची, स्लाइड मागे घेऊन उचलायची, की पिस्तूल सुटं. नळी सांगाड्यात घट्ट बसवलेली आणि स्प्रिंग तिच्याभोवतीच. इतकी साधी रचना बघून तुम्हाला आवडेल.

परवान्याचं तुम्ही विचारणारच. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीसाठी तुम्ही पोलीस स्टेशन आणि कलेक्टर कचेरीच्या किती खेपा घातल्या, मला आठवतंय. इथे ओहायोत विकत घ्यायला परवाना लागत नाही. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, ग्रीन कार्ड दाखवायचं, दुकानदार सरकारी यंत्रणेकडून माहिती तपासून घेतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, थोडे अपवाद सोडले तर, कायद्याने मनाई आहे, म्हणून ग्रीन कार्ड होईपर्यंत थांबलो. पण अर्ध्या तासात शस्त्र हातात आलं हे मला खरंच बरं वाटलं नाही. तुमच्या त्या खेपांत माणूस पारखला जायचा.

चालवायला मात्र हे सोपं नाही. घोडा, म्हणजे मागची हातोडी, खाली असेल तर चापाची पहिली ओढ इतकी जड की बोट थरथरतं आणि नेम खाली जातो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपोआप मागे राहतो, मग चाप हलका. लहान, हलकं पिस्तूल नि 9×18 मिलिमीटरची दमदार गोळी, त्यामुळे तळहाताला चांगलाच धक्का बसतो. पहिल्याच दिवशी पकड जरा वर गेली आणि मागे येणाऱ्या स्लाइडने अंगठ्याजवळची कातडी सोलली. रक्त आलं, पट्टी बांधली आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पकड कशी हवी ते हात धरून शिकवलं. आता सात यार्डांवर सहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. महिन्यातून एकदा जातो, घरी आल्यावर आधी साबणाने हात धुतो, कारण शिशाची पूड असते. मग चिमुरडीला जवळ घेतो.

आईला सांगा, पिस्तूल कुलूपबंद पेटीत असतं, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात. घरात भरलेलं कधीच नसतं. स्लाइडच्या मागच्या टोकाला एक बारीक पिन आहे, नळीत गोळी असली की पिन बाहेर येते. पण मी पिनवर भरवसा ठेवत नाही. स्लाइड ओढून नळीत करंगळी घालून बघतो. पडवीत बंदूक साफ करताना रिकामी असूनही तुम्ही तिचं तोंड फणसाच्या झाडाकडे ठेवायचात आणि मी समोरून गेलो की ओरडायचात. इथे त्यासाठी वेगळा वर्ग घेतात. मला त्यात नवीन काही शिकायला लागलं नाही.

तुमची बंदूक निवडणुकीसाठी पोलीस स्टेशनला जमा होती ना, ती परत मिळाली का? पावसाळा तोंडावर आहे, आणल्यावर नळीत आधी कोरडा फडका फिरवा आणि मगच तेल लावा. माकडं यंदाही केळीत उतरतात का, तेही कळवा.

तुमचा,
बाळू

ता. क. : आईला म्हणावं, जखम पूर्ण भरली, वणही राहिला नाही.