सोमवारची मधली सुट्टी

पुणे,
23 फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

नाताळात गच्चीवर पडल्या पडल्या तू मृगाजवळच्या तांबूस आर्द्रेकडे बोट करून विचारलंस, "ही खरंच फुटणार का रे?" मी "हो, लाखभर वर्षांत कधीतरी" म्हणून कूस बदलली. आज तारीख पाहिली आणि ते अर्धवट उत्तर टोचलं.

आपण सहावीत होतो. 23 फेब्रुवारी 1987, सोमवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटं. मधली सुट्टी. तू बहुधा माझ्या डब्यातलं थालीपीठ ढापत होतास. तेवढ्यात एका फुटून मेलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो (कशालाच फारसे न अडखळणारे इवलेसे कण) तुझ्यामाझ्या आरपार गेले, दर चौरस सेंटिमीटरमधून 1000 कोटींच्या घरात. साधा ठसकाही लागला नाही!

तो तारा मोठ्या मॅगेलनी मेघातला, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतला, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षं लांब, सूर्याच्या वीसेक पट वजनाचा. असे तारे भारी उधळे. हायड्रोजन कोटभर वर्षं पुरतो, हेलियम काही लाख, कार्बन काहीशे आणि शेवटचा सिलिकॉन जेमतेम एक-दोन दिवस. मग गाभ्यात उरतं लोखंड. ते जाळून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. चूल विझली की वरचा डोलारा पेलणार कोण? पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत खचून एखाद्या शहराएवढा होतो. जवळजवळ सगळी ऊर्जा, 99 टक्के, न्यूट्रिनो घेऊन पळतात. आपल्याला दिसतो तो लखलखाट म्हणजे चिल्लर. तीही उशिरा येते, कारण स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचायलाच काही तास लागतात.

जपानच्या कामिओका खाणीतली पाण्याची टाकी प्रोटॉन फुटतो का ते बघायला बांधलेली. प्रोटॉन फुटला नाही, पण त्या दिवशी पृथ्वी भेदून आलेले 11 न्यूट्रिनो तिने टिपले.

चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत त्या रात्री तिथला दुर्बीणचालक ऑस्कर दुहाल्दे बाहेर आला, त्याला मेघात नवा ठिपका दिसला, आत जाऊन तो कामाला लागला आणि सांगायचं विसरला! (तुझा कोणी लागतो का?) पुढे तिथल्याच इयान शेल्टनने त्या मेघाच्या फोटोची काच धुतली, तिच्यावर डाग की तारा ते कळेना, म्हणून बाहेर जाऊन वर पाहिलं. तेव्हा दुहाल्देला आठवलं.

आपल्याकडून मेघ क्षितिजावर घासून जातो, म्हणजे न दिसल्यातच जमा. आर्द्रा मात्र डोक्यावरून जाते. ती फुटली तर आधी खाणींतल्या टाक्यांना कळेल, मग तुझ्या बोटाला. मेमध्ये ती दिवेलागणीलाच मावळतीला टेकते, तेव्हा सुट्टीची वाट न पाहता मार्चातच ये.

तुझा,
अण्णा