गोकाकच्या पाण्यावरून आठवलेला माणूस

वडगाव, बेळगाव

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

परवा गोकाकला जाऊन आलो. घटप्रभा दुथडी भरलीय, १७० फुटांवरून तांबडं पाणी कोसळतंय. झुलत्या पुलावर सगळे फोटो काढत होते, मी मात्र काठावरच्या जुन्या गिरणीकडेच बघत राहिलो. पाण्याच्या जोरावर सूत काढायची विद्या ज्यानं रुजवली त्याच्याबद्दल सध्या वाचतोय. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रिचर्ड आर्कराइट. जन्म १७३२, इंग्लंडातल्या प्रेस्टनचा. बाप शिंपी, हा न्हावी, पुढं केसांचे टोप करायला लागला. शाळा नाहीच, चुलत बहिणीनं लिहावाचायला शिकवलं.

आमची आजी चरख्यावर पेळू कशी ओढायची, आठवतं? सगळं कसब त्या चिमटीत. आर्कराइटच्या यंत्रात चिमटीच्या जागी रुळांच्या जोड्या आल्या. पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते, त्यामुळं कापूस ताणला जाऊन बारीक होतो आणि मग चातीवर त्याला पीळ बसतो. १७६९ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. सूत असं घट्ट निघालं की ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याला, चाललं! तोवर तिकडं ताणा लिननचा आणि आडवा धागा तेवढा कापसाचा असायचा. ताण्याचा धागा तुटला की काय होतं, ते आपल्या विणकरांच्या गल्लीत कुणाला सांगायला नको.

१७७१ मध्ये भागीदारांच्या पैशावर त्यानं इंग्लंडातल्याच क्रॉमफर्डला पाण्यावरची गिरणी उभारली. कामगारांना घरं बांधून दिली आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या. रूळ मुळात दुसऱ्याचे, असा दावा झाला आणि १७८५ मध्ये कोर्टानं पेटंटं रद्द केली. पुढच्याच वर्षी राजानं त्याला 'सर' केलं. मला विचारशील तर रूळ कुणाचेही असोत, पाणी, यंत्रं, माणसं आणि घड्याळ एका छपराखाली आणणारा हाच. मोठा माणूस होता, हे मी मनापासून म्हणतो.

पण त्या गिरणीत लहान मुलं फार होती रे. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आपण पहाटे उठून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो, बोटांना सुताची धार लागायची, तेलाचा वास तसाच घेऊन वर्गात बसायचो. तरी शेजारी आई असायची, शाळेची वेळ झाली की तीच उठवायची. त्या पोरांना रात्रपाळी होती. पट्ट्यांच्या खडखडाटात त्यांना झोप आली तर कोण हाक मारत असेल?

आईचा धोटा, मागावर आडवा धागा फेकायचा तो, अजून फळीवर आहे. टोकाचं लोखंड झिजून आरशासारखं झालंय. गणपतीला येशील तेव्हा तुझ्या हातात देतो. मग गोकाकला जाऊ, पाणी ओसरायच्या आत ये. करदंट आणून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिवाजी