सांधा माझाच ठेवतेय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय निघाला की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय.

खुब्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. सांधा बदलायचा नाहीये. बाबा, शेजारचे काका सांधा बदलून दुसऱ्या दिवशी चालले, मान्य. पण ते सत्तरीचे, मी तेहेतिशीची. कृत्रिम सांधा मला जन्मभर पुरेलच असं नाही, आणि बदललेला पुन्हा बदलणं जास्त अवघड. माझ्या खुब्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरची मऊ गादी, अजून बरीचशी शाबूत आहे. उथळ आहे ती खुब्याची वाटी, मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती. त्यामुळे गोळा अर्धा उघडा राहतो आणि सगळा भार वाटीच्या काठावर येतो. म्हणून वाटीभोवतीचं हाड कापून ती सुटी करायची, गोळा नीट झाकेल अशी फिरवायची आणि स्क्रूंनी बसवायची.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नला राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ साली ही शस्त्रक्रिया सुरू केली. तिथल्या पहिल्या ७५ खुब्यांचा हिशेब ठेवलाय: २० वर्षांनी ६० टक्के मूळचेच टिकून होते, ३० वर्षांनी झीज फारशी न वाढता चांगले चालणारे २९ टक्के. हा दुसरा आकडा वाचून मी दोन दिवस खट्टू होते. मग कळलं, चाळिशीनंतर किंवा बरीच झीज झाल्यावर ज्यांनी करून घेतली, त्यांचे सांधे लवकर गेले. माझी झीज नुकती सुरू झालीय. हमी कुणी देत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण वीस वर्षं मिळाली तरी मी पन्नाशी ओलांडलेली असेन. तेव्हा बदलू हवा तर!

आई, दुपट्यात घट्ट बांधलं म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. पाय सरळ करून बांधणं चांगलं नाही, खरंय. पण मी पायाळू, त्यात मुलगी, त्यात पहिली. हे दुखणं अशाच बाळांत जास्त. उसण भरली की माझी लाथ खायला लोक आपल्या ओटीवर यायचे ना, तेच पायाळूपण आता माझ्याकडून वसुली करतंय. आणि तू मला कडेवर घेऊन हिंडायचीस, पाय फाकलेले. खुब्याला ते उलट चांगलंच.

सहा-आठ आठवडे कुबड्या. लिफ्ट सुरू झालीय, बाबा, जिन्याची काळजी नको. आजोबांची काठी आणू नका. आई, कुळथाचं पीठ मात्र दोन किलो आण.

तुमची,
पायाळू